मेक्सिकन जेवण घरी करायचे, तर आधी साल्सा शिका

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एक वाचक भगिनी लिहितात:

“माझे कार्यालय ऐरोलीला आहे आणि घरी पोहोचायला रोज साडेसात वाजतात. नववीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी यांना मॉलमध्ये खाल्लेले टाको, नाचो आणि बुरिटो घरीही हवे असतात. दोन-तीनदा तयार टाकोची पाकिटे आणली. ती महाग पडली आणि सासूबाईंना ते कडक कवच चाववले नाही. मक्याच्या पिठाच्या पोळ्या करून पाहिल्या, तर त्या तव्यावर टाकण्याआधीच मोडल्या. मुलीला तिखट चालत नाही, मुलाला तिखटच हवे असते, सासूबाई शाकाहारी आहेत आणि सोमवारी कांदा-लसूण खात नाहीत, यजमानांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे. ‘शेवटी हे राजमा आणि पोळीच ना?’ असे सासूबाई विचारतात आणि मला उत्तर सुचत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी, तासाभराच्या आत, सर्वांना चालेल असे मेक्सिकन धर्तीचे जेवण कसे करावे? त्यातले काही मुलांच्या डब्यात देता येईल का?”

सप्रेम नमस्कार.

आपल्या सासूबाईंचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. मेक्सिकोतील सामान्य घरातले रोजचे जेवण पुष्कळ अंशी मक्याची भाकरी, शिजवलेला राजमा किंवा त्याच्याच जातीचे दुसरे कडधान्य आणि तिखट चटणी एवढेच असते, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. मात्र तोच राजमा आणि तीच पोळी उत्तर भारतीय लागणार की मेक्सिकन, हे सोबतची चटणी कशी केली आहे यावर ठरते. आपल्या पत्रात टाकोचे कवच आहे, नाचो आहेत, पाकिटे आहेत. साल्साचा, म्हणजे याच चटणीचा, उल्लेख एकदाही नाही. माझ्या मते आपले काम नेमके इथे अडले आहे, कारण पैसे आणि वेळ ज्या गोष्टींवर खर्च झाले त्यांच्यावाचून हे जेवण उत्तम होते आणि जिच्यावाचून ते होतच नाही ती गोष्ट राहून गेली.

कडक कवचाबद्दल सासूबाईंची तक्रार तर अगदी योग्य आहे. ते घडीचे कुरकुरीत कवच अमेरिकेतील टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासकडच्या मेक्सिकन धर्तीच्या, खाद्यपद्धतीने आणि तेथील उपाहारगृहांनी जगभर नेले. मेक्सिकोत टाको बहुधा मऊ, गरम टॉर्टियातच, म्हणजे मक्याच्या किंवा गव्हाच्या पातळ पोळीतच, खाल्ला जातो. तेव्हा ती पाकिटे आणणे निःशंकपणे बंद करावे.

या जेवणाच्या वंशावळीविषयी थोडे सांगते, कारण त्यातून कोणता जिन्नस महत्त्वाचा आणि कोणता नाही हे कळते. मका, राजमा, भोपळा, टोमॅटो आणि मिरची हा त्याचा मूळ पाया. १५२१ मध्ये स्पॅनिश फौजांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली आणि त्यानंतर गहू, तांदूळ, कांदा, लसूण, कोथिंबीर, जिरे, लिंबू आणि दुधदुभते तिकडे पोहोचले. त्याच शतकात मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली. दोन्ही स्वयंपाकघरांतील डबे आज इतके सारखे दिसतात ते यामुळे. २०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला, तो मका, राजमा आणि मिरची पिकवण्या-शिजवण्याच्या या जुन्या रीतीसाठी. वितळलेल्या पिवळ्या चीजसाठी नव्हे. आणि सासूबाईंना हे सारे परके वाटत असेल, तर उपवासाच्या ताटातील बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची, राजगिरा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले आहे. फुलवलेल्या राजगिऱ्याची मधात किंवा गुळाच्या पाकात थापलेली वडी मेक्सिकोत ‘आलेग्रिया’ म्हणून आजही विकली जाते. ही माहिती त्यांच्याशी वाद घालण्यासाठी वापरू नये, असे मात्र सुचवते; जेवायला बसल्यावर इतिहास सांगून कोणाचे मन वळल्याचे क्वचितच दिसते. त्यांच्यासाठी पुढे शेवयांचा एक पदार्थ दिला आहे, तो अधिक उपयोगी पडेल.

आता साल्सा. लोखंडी तवा चांगला तापवावा आणि त्यावर तेल न घालता चार मध्यम टोमॅटो, चार फोडी केलेला एक लहान कांदा, सालासकट तीन लसणाच्या पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या ठेवाव्यात. लसूण आणि मिरच्या चार-पाच मिनिटांत तयार होतात, त्या आधी उचलाव्यात. टोमॅटो मात्र फिरवत फिरवत साल ठिकठिकाणी काळी पडेपर्यंत आणि आतून मऊ होईपर्यंत भाजावेत, ज्याला बारा ते पंधरा मिनिटे लागतात. घाई केल्यास टोमॅटो बाहेरून डागाळतात आणि आत कच्चे राहतात. अशी चटणी साध्या टोमॅटोच्या वाटणासारखी लागते आणि मग मुले केचपची बाटली काढतात. भाजताना टोमॅटोतील पाणी आटते, आंबटपणा बोथट होतो आणि करपलेल्या सालीचा किंचित कडसर, धुरकट स्वाद उतरतो. आपल्याला हवी असलेली चव ती हीच. यासाठी नॉनस्टिक तवा वापरू नये, कारण रिकामा तवा इतका तापवणे त्याच्या लेपाला मानवत नाही. घरात लोखंडी तवा नसेल तर टोमॅटो जाळीवर ठेवून थेट आचेवर भाजावेत.

वाटण्याचा क्रमही सांभाळावा. आधी सोललेला लसूण, मिरची आणि मीठ वाटावे, मग कांदा घालावा आणि टोमॅटो शेवटी घालून मिक्सर दोन-तीनदा थांबत थांबत फिरवावा, म्हणजे चटणी भरड राहते. मेक्सिकोत हे काम तीन पायांच्या दगडी खलात करतात. आपल्या घरी पाटा-वरवंटा असेल आणि सासूबाईंना त्याचा सराव असेल, तर हे वाटण त्यांच्याकडे सोपवून पाहावे. वाटून झाल्यावर चिरलेली कोथिंबीर आणि टोमॅटो फारच गोडसर असतील तरच लिंबाचे चार थेंब घालावेत. साखर घालू नये, गरम मसाला घालू नये, आणि पिझ्झासोबत येणाऱ्या पुडीतले ओरेगानो तर मुळीच घालू नये. मेक्सिकोत वापरले जाणारे ओरेगानो ही वेगळीच वनस्पती आहे, आणि आपल्याकडच्या पुडीने पदार्थ थेट पिझ्झाकडे झुकतो.

दुसरी साल्सा सुक्या मिरचीची, आणि सोमवारसाठी हीच उपयोगी आहे. ग्वाहियो आणि आंचो या मेक्सिकन सुक्या मिरच्या जळजळीपेक्षा रंगासाठी आणि फळासारख्या गोडसर चवीसाठी वापरल्या जातात. आपल्याकडे त्यांच्या जवळ जाणारी मिरची म्हणजे ब्याडगी, जी जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशीच्या मसाला बाजारात सहज मिळते. लवंगीने हे काम होत नाही. सहा ब्याडगी मिरच्यांचे देठ आणि बिया काढून त्या तव्यावर प्रत्येक बाजूने दहा-पंधरा सेकंदच परताव्यात, कारण काळी पडलेली सुकी मिरची साऱ्या चटणीला कडू करते. त्यांवर गरम पाणी ओतून वीस मिनिटे ठेवावे, मग तीन भाजलेले टोमॅटो, चिमूटभर जिरे आणि मीठ यांच्यासह त्या बारीक वाटाव्यात आणि ते वाटण चमचाभर तेलात पाच-सहा मिनिटे, रंग गडद होईपर्यंत परतावे. यात कांदा-लसूण नसला तरी चव उणी पडत नाही. दोन्ही साल्सा काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये चार दिवस चांगल्या राहतात. सुक्या मिरचीची साल्सा बर्फाच्या साच्यात गोठवून महिनाभर वापरता येते.

मुलगा आणि मुलगी यांच्या तिखटाचा तंटा स्वयंपाकात सोडवू नये, तो ताटात सोडवावा. मेक्सिकन पद्धत तीच आहे. राजमा, भात, भाजी हे सारे सौम्य ठेवायचे आणि तिखट वाटीत बाजूला द्यायचे. हिरवी मिरची न घालता साल्सा करून मुलीचा वाटा काढून घ्यावा, आणि मुलासाठी चार हिरव्या मिरच्या तव्यावर भाजून मीठ-लिंबासह ठेचून वेगळ्या द्याव्यात. बाटलीतील जलपिनो आणण्याचे कारण नाही. जलपिनो आपल्या रोजच्या हिरव्या मिरचीपेक्षा पुष्कळ सौम्य असते, तेव्हा भावनगरी मिरचीच्या चकत्या आणि गाजराचे काप व्हिनेगर, थोडे पाणी आणि चिमूटभर मीठ यांत तासभर बुडवून ठेवले, तर तोच आंबट-तिखट परिणाम साधतो आणि बाटलीतले जादा मीठ टळते.

राजम्याविषयी एक इशारा आधी. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात असे एक प्रथिन असते की ज्यामुळे उलट्या आणि जुलाब होतात. भिजवलेले पाणी टाकून देऊन राजमा ताज्या पाण्यात खळखळून उकळल्यानेच ते निष्प्रभ होते. प्रेशर कुकरमध्ये हा धोका राहत नाही, परंतु मंद आचेवर तासन् तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नये. पाव किलो राजमा आठ-दहा तास भिजवून, अर्धा कांदा आणि एक तमालपत्र घालून, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर वीस मिनिटे शिजवावा. दाणा दोन बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे. सासूबाईंसाठी कांद्याऐवजी नुसते तमालपत्र आणि मीठ पुरते. यातला निम्मा राजमा पाण्यासकट ठेवावा आणि उरलेला मोठ्या चमचाभर तेलात त्याच्याच पाण्यासह ठेचत परतावा, म्हणजे पोळीवर पसरता येईल असा दाट लगदा तयार होतो. हा लगदा गोठवून ठेवता येतो. टोमॅटो-आल्याच्या ग्रेव्हीत राजमा घालण्याचा मोह आवरला, तर सासूबाईंचा ‘हे राजमाच ना’ हा प्रश्न निम्मा सुटतो.

आपल्या मक्याच्या पोळ्या का मोडल्या, याचे उत्तर आपल्या हातात नसून पिठात आहे. मेक्सिकोत मक्याचे दाणे आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसेच ठेवतात, धुऊन त्यांची साले काढतात आणि मग ओलेच दळतात. चुन्यामुळे दाण्याचे आवरण सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातील बांधलेले नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. ही क्रिया मागे ठेवून नुसता मका युरोपात आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात गेला, तेव्हा केवळ मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांत नियासिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. आपल्या किराणा दुकानातले मक्याचे पीठ सुक्या मक्याचे असते, त्याला चुना लागलेला नसतो, म्हणून ते लाटताना फाटते. आणि कॉर्नफ्लोअर म्हणून मिळणारी पांढरी भुकटी म्हणजे नुसता स्टार्च, जिच्यापासून पोळी होणारच नाही.

यातून तीन वाटा निघतात. सर्वांत सोपी वाट म्हणजे गव्हाचीच टॉर्टिया करणे, आणि त्याला नक्कल समजू नये, कारण सोनोरा आणि चिवावा या उत्तरेकडील राज्यांत गव्हाची टॉर्टिया हीच घरोघरची रीत आहे. दोन वाट्या कणीक, एक वाटी मैदा, दोन मोठे चमचे तेल आणि अर्धा चमचा मीठ कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवावे, घडी न घालता सात-आठ इंचांची पातळ लाटावी आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून लगेच कापडात गुंडाळावी. फुलवण्याची गरज नाही, आणि मैदा नको असेल तर नुसत्या कणकेचीही चालते. दुसरी वाट उकडीची आहे. दोन वाट्या पाणी मीठ घालून उकळावे, त्यात दोन वाट्या मक्याचे पीठ घालून दहा मिनिटे झाकावे, मग एक वाटी कणीक मिसळून ऊन असतानाच चांगले मळावे आणि प्लास्टिकच्या दोन कागदांत सपाट बुडाच्या भांड्याने दाबून पाच इंचांच्या लहान टॉर्टिया कराव्यात. त्या मोडत नाहीत आणि मक्याची चवही मिळते. तिसरी वाट खऱ्या रीतीची, म्हणजे अर्धा किलो सुका अख्खा मका, पाच-सहा ग्रॅम खाण्याचा चुना आणि दोन लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात, बोटाने चोळल्यावर साल सुटेपर्यंत उकळून रात्रभर ठेवणे, सकाळी चोळून धुणे आणि ओल्या दळणाच्या यंत्रात वाटणे. यासाठी अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये, कारण चुन्याची त्यावर क्रिया होते. ऐरोलीहून साडेसातला परतणाऱ्या व्यक्तीला मी ही वाट सुचवणार नाही. सुटीत मुलाला हौस असेल तर त्याने करून पाहावी.

चीजबाबत माझे मत काहीसे कठोर आहे. मेक्सिकन घरगुती स्वयंपाकात ताजे, पांढरे, चुरता येणारे चीज पुष्कळ वापरले जाते, आणि हलके मीठ व लिंबू लावून चुरलेले पनीर त्याची जागा चांगली घेते. वितळणारे चीज फक्त केसाडियात, म्हणजे सारण भरून घडी घातलेल्या टॉर्टियात हवे, आणि तिथेही माणशी तीस ग्रॅम मोझरेला पुरते. आंबट सायीऐवजी घरचा चक्का थोड्या दुधात फेटून सैल करावा. अ‍ॅव्होकाडो महाग आहे, अनेकदा आत काळा निघतो आणि तो नसल्याने काही बिघडत नाही. आणलाच, तर देठाजवळ दाबल्यावर किंचित मऊ लागणारा घ्यावा आणि तो कांदा, कोथिंबीर, मिरची, लिंबू, मीठ एवढ्यावरच ठेचावा. अशा ठेचलेल्या अ‍ॅव्होकाडोलाच ग्वाकामोले म्हणतात; मटाराच्या वाटणाला त्या नावाने वाढणे मला मान्य नाही, जरी ते वाटण स्वतंत्रपणे चांगले लागत असले तरी.

आता आपल्या दोन संध्याकाळी. रविवारी राजमा, दोन्ही साल्सा आणि चक्का तयार असेल, तर पहिल्या संध्याकाळी केसाडिया करावी. दोन भोपळी मिरच्या थेट आचेवर काळ्या होईपर्यंत भाजून, झाकून, साल काढून त्यांच्या पट्ट्या कराव्यात, त्या कांदा आणि वाटीभर मक्याच्या दाण्यांसह परतून दोन चमचे चक्का घालावा. तिकडे पोब्लानो या मोठ्या, सौम्य मिरचीच्या पट्ट्या याच रीतीने सायीत शिजवतात. टॉर्टियाच्या अर्ध्या भागावर राजम्याचा लगदा, त्यावर ही भाजी आणि थोडे चीज घालून घडी घालावी आणि मंद आचेवर, तेलाचे बोट फिरवलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करावी. केसाडियात चीज असलेच पाहिजे की नाही, यावर खुद्द मेक्सिको सिटीतील लोक आणि बाकीचा देश यांच्यात जुना वाद आहे, तेव्हा सासूबाईंनी चीज नाकारल्यास त्यांच्या बाजूला राजधानी आहे असे समजावे.

दुसऱ्या संध्याकाळसाठी सोपा दे फिदेओ, म्हणजे टोमॅटोच्या रश्शातील शेवया. मेक्सिकोत हा मुलांचा आणि आजाऱ्यांचा हक्काचा पदार्थ आहे, आणि आपल्या पत्रातील पाचही जणांना चालेल असा मला हा एकच सापडतो. तीन टोमॅटो, अर्धा कांदा, दोन लसणाच्या पाकळ्या आणि बिया काढलेली एक भिजवलेली ब्याडगी बारीक वाटून घ्यावी. गव्हाच्या बारीक शेवया हाताने मोडून वाटीभर घ्याव्यात आणि दोन मोठे चमचे तेलात, सतत हलवत, चांगल्या तपकिरी होईपर्यंत भाजाव्यात. बाजारात भाजलेल्या म्हणून मिळणाऱ्या शेवयाही पुन्हा भाजाव्यात, कारण या पदार्थाची सारी चव या भाजण्यात आहे. त्यावर वाटण ओतून पाच मिनिटे परतावे, चार वाट्या गरम पाणी आणि मीठ घालून आठ-दहा मिनिटे उकळावे. रस्सा सैलच राहिला पाहिजे, उपम्यासारखा घट्ट होऊ देऊ नये. वाढताना कोथिंबीर, लिंबू आणि चुरलेले पनीर. हवा असल्यास वाटीभर शिजवलेला राजमा आतच घालावा, म्हणजे तेवढेच पूर्ण जेवण होते. सोमवारी कांदा-लसूण वगळून जिऱ्यावर करावे. सासूबाईंच्या दातांनाही हे त्रासाचे नाही, आणि पोळ्या लाटण्याचे काम वाचल्याने अर्ध्या तासात ताटे वाढता येतात.

उरलेल्या पोळ्यांची मात्र वेगळी सोय आहे. आपण शिळी पोळी फोडणीला देतो, तिथे मेक्सिकोत शिळ्या टॉर्टियाचे तुकडे तळून साल्सात घोळतात आणि त्याला चिलाकिलेस म्हणतात. ही न्याहारी रविवारी सकाळी करण्याजोगी आहे. आदल्या दिवशीच्या चार-पाच पोळ्यांचे त्रिकोणी तुकडे करून तासभर उघड्यावर सुकू द्यावेत, तेलाचा हात लावून मंद तव्यावर किंवा १८० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटे कुरकुरीत करावेत. वाटीभर साल्सा कढईत उकळू लागली की तुकडे त्यात टाकून अर्धा मिनिट हलवावे आणि लगेच वाढावे. वर कच्चा कांदा, चक्का, पनीर आणि जे खातात त्यांच्यासाठी अर्धवट तळलेले अंडे. नाचोची पाकिटे बंद करायची असतील, तर हेच तुकडे साल्सात न घोळता मुलांना तसेच द्यावेत.

यजमानांसाठी कोळंबीचा टाको करता येईल, आणि ते काम पाच मिनिटांचे आहे. साफ केलेल्या पाव किलो कोळंबीला ठेचलेला लसूण आणि चमचाभर ब्याडगीची साल्सा लावून गरम तव्यावर तीन-चार मिनिटेच परतावे, त्याहून अधिक ठेवल्यास कोळंबी रबरासारखी होते. वर बारीक चिरलेली कोबी आणि लिंबू. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर, बाहा कॅलिफोर्नियात मासे आणि कोळंबी अशीच कोबीसह टाकोत घालतात. तवा मात्र वेगळा ठेवावा, म्हणजे शाकाहारी व्यक्तीला संकोच वाटणार नाही.

मिठाविषयी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्याचा सल्ला देते, आणि टाको मसाल्याची पुडी, प्रक्रिया केलेले चीज, बाटलीतील मिरच्या व नाचो हे चार पदार्थ एकाच ताटात आले, तर ती मर्यादा कधी ओलांडली हे कळतही नाही. घरच्या साल्सात टोमॅटोचा आंबटपणा आणि भाजल्याचा स्वाद असल्याने कमी मिठातही ती फिकी लागत नाही. यजमानांचा राजमा बिनमिठाचा शिजवून त्यांच्या ताटात वरून लिंबू पिळावे. त्यांच्या आहाराचे नेमके प्रमाण अर्थातच त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

नववीतल्या मुलाला साल्साची जबाबदारी द्यावी, असे मला वाटते. टोमॅटो भाजणे आणि वाटणे हे अभ्यासाच्या मधल्या अर्ध्या तासाचे काम आहे, आणि आपण रिक्षाने घरी येईपर्यंत ते झालेले असू शकते. सुरुवातीला तवा आणि धूर यांवर कोणाचे तरी लक्ष असावे, एवढेच.

डब्यासाठी बुरिटोची गुंडाळी उत्तम, परंतु तिचे काही नियम आहेत. राजम्याचा लगदा दाट आणि थंड झालेला असावा, पोळीही निवलेली असावी, नाहीतर वाफेने ती ओली होते. आतील थर लगदा, परतलेली भाजी आणि चुरलेले पनीर एवढाच ठेवावा. पाणी सुटणारा चिरलेला टोमॅटो आणि साल्सा लहान डबीत वेगळी द्यावी. ठाण्याच्या दमट हवेत चक्का आणि कोळंबी डब्यात देऊ नये, आणि रात्रीचा भात गुंडाळीत भरण्याची पद्धत तर टाळावीच, कारण शिजवलेला भात तासन् तास कोमट राहिला की त्यात विषबाधा करणारे जंतू वाढतात. भात घालायचाच असेल, तर तो सकाळी ताजा शिजवून, पसरून निववून भरावा आणि मधल्या सुटीपर्यंत संपेल इतकाच द्यावा.